मुद्दल, व्याज आणि क्षमा

इंदूर आपल्याला परके नाही. होळकरांचे गाव. कित्येक मराठी घरांतली एखादी आत्या किंवा मावशी तिथे दिलेली असते, आणि सुटीत तिच्याकडे जाऊन आलेली मुले सराफ्यातल्या खाण्याच्या गोष्टी वर्षभर सांगत बसतात. त्या इंदूरच्या तुरुंगात ऑगस्ट २००२ मध्ये, राखी पौर्णिमेच्या सुमारास, एक ख्रिस्ती धर्मभगिनी गेली आणि जन्मठेप भोगणाऱ्या एका कैद्याच्या मनगटावर तिने राखी बांधली. तुरुंगात राख्या बांधायला अनेक संस्थांच्या बायका जातात, त्यात नवल नाही. पण समंदर सिंग नावाच्या या कैद्याने त्याच हाताने त्या भगिनीच्या, सिस्टर सेल्मी पॉल यांच्या, सख्ख्या थोरल्या बहिणीचा खून केला होता.

त्या बहिणीचे नाव सिस्टर राणी मारिया. जन्म १९५४ चा, केरळातला. धर्मसंघात दाखल होऊन त्या उत्तरेकडे आल्या आणि १९९२ पासून देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात आदिवासींमध्ये काम करू लागल्या. तिथला प्रश्न आपल्याकडच्या कुठल्याही आदिवासी तालुक्यात असतो तोच होता : सावकार. अडीनडीला घेतलेले थोडे पैसे, त्यावर चढत जाणारे व्याज आणि शेवटी जमीन तरी जायची, नाहीतर जन्मभराची राबणूक तरी नशिबी यायची. राणी मारियांनी या लोकांना सरकारी योजनांची माहिती दिली, बँकेचे कर्ज कसे मिळते ते समजावले, एकजूट करायला शिकवले. साहजिकच ज्यांचे पोट या अडाणीपणावर भरत होते ते बिथरले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी राणी मारिया उदयनगरहून इंदूरला निघालेल्या बसमध्ये बसल्या. वाटेत समंदर सिंग उठला आणि भरल्या बसमध्ये त्याने त्यांच्यावर सुरा चालवला. पन्नासहून अधिक जखमा झाल्या. बसमधले कोणी मध्ये पडले नाही. त्या अवघ्या एक्केचाळीस वर्षांच्या होत्या.

समंदर सिंगला जन्मठेप झाली. ज्यांनी त्याला पुढे केले ते बाहेर मोकळे राहिले. सुटल्यावर त्यांचा सूड घ्यायचा, या एकाच विचारावर आपण तुरुंगात दिवस काढत होतो, असे त्याने स्वतःच पुढे सांगितले आहे. स्वामी सदानंद नावाचे एक ख्रिस्ती धर्मगुरू त्याला भेटू लागले, त्याच्याशी बोलत राहिले. मग ती राखी आली. राणी मारियांच्या आईनेही त्याला क्षमा केली आणि त्याची सुटका व्हावी म्हणून कुटुंबाने सरकारकडे रदबदली केली. २००६ साली तो सुटला. २००७ मध्ये तो केरळात, जिच्या मुलीला त्याने मारले त्या आईच्या घरी, जाऊन आला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये कॅथलिक चर्चने राणी मारियांना ‘धन्य’ घोषित केले, तेव्हा त्या सोहळ्यातही तो हजर होता.

ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा कौतुकाच्या आधी मनात शंका आली. हे माणसाला जमते कसे? आणि समजा जमले, तरी ते बरोबर आहे का? उद्या सगळेच असे वागू लागले तर सुपारी देणाऱ्यांचे फावणार नाही का? मी ख्रिस्ती नाही. चौतीस वर्षे बँकेत नोकरी केली, त्यातली निम्मी कर्जखात्यात गेली. त्यामुळे कोणी काही ‘सोडून दिले’ म्हटले की माझी नजर आधी वहीकडे जाते.

गंमत अशी, की या प्रश्नाचा पहिला धागा मला कर्जखात्याच्याच भाषेत सापडला. येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली तिच्यात क्षमेचे एक वाक्य आहे. मराठी बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानात त्या ठिकाणी ‘पाप’ किंवा ‘अपराध’ हे शब्द नाहीत. तिथे ‘ऋण’ आहे. भक्त देवाकडे आपले ऋण सोडण्याची विनंती करतो, आणि त्याच दमात आपण आपल्या ऋणकोंचे ऋण सोडले असल्याचे सांगतो. म्हणजे क्षमा हा दोन खात्यांतला व्यवहार झाला. सावकारीविरुद्ध लढताना मेलेल्या बाईच्या बहिणीने ऋण सोडले, हे तर त्याहून विलक्षण.

बँकेतल्या माणसाला ‘राइट ऑफ’ आणि ‘माफी’ यांतला फरक सांगावा लागत नाही. इतरांसाठी सांगतो. कर्ज राइट ऑफ केले म्हणजे ताळेबंदातून काढले, एवढेच. वसुली चालूच राहते. नोटिसा जातात, जामीनदाराच्या घरी माणूस जातो. माफी म्हणजे मागणीच सोडून देणे. आपण संसारात ज्याला ‘जाऊ दे, मी विसरले’ म्हणतो ते बहुतेक वेळा राइट ऑफ असते. जाऊबाईंनी वीस वर्षांपूर्वी काढलेले शब्द आपण ‘विसरलेले’ असतो, पण लग्नाकार्यात त्या समोर आल्या की वसुली विभाग कामाला लागतो.

दुसरी गोष्ट. माफी द्यायची तर आधी येणे किती ते काढावे लागते. मुद्दल इतके, व्याज इतके, एकूण इतके. ‘काही नाही हो, किरकोळ होते’ असे म्हणणारा माफी देत नसतो, तो कर्जच नाकारत असतो. मोठ्या अपराधाची क्षमा करणाऱ्या माणसांबद्दल आपला हाच गैरसमज होतो. आपल्याला वाटते, यांना तितके लागले नसेल, किंवा धर्माच्या नशेत यांना दुःख कळलेच नसेल. कोरी टेन बूम या डच बाईंची गोष्ट वाचली की हा गैरसमज जातो.

हॉलंडमधल्या हार्लेम गावात टेन बूम कुटुंबाचे घड्याळांचे दुकान होते. जर्मनांनी देश व्यापल्यावर या ख्रिस्ती कुटुंबाने आपल्या घरात ज्यूंना लपवले. फेब्रुवारी १९४४ मध्ये कोणीतरी चहाडी केली आणि सगळे पकडले गेले. म्हातारे वडील दहा दिवसांत कोठडीत वारले. कोरी आणि तिची बहीण बेट्सी यांची रवानगी राव्हेन्सब्रुक इथल्या बायकांच्या छळछावणीत झाली. तिथे डिसेंबर १९४४ मध्ये बेट्सी गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, कागदपत्रांतल्या एका चुकीमुळे, कोरी सुटली. युद्ध संपल्यावर ती गावोगाव क्षमेवर बोलू लागली. १९४७ साली म्युनिकमध्ये भाषण संपल्यावर एक माणूस पुढे आला. राव्हेन्सब्रुकचा पहारेकरी. तिने त्याला ओळखले. आपण आता ख्रिस्ती झालो आहोत, देवाने आपल्याला क्षमा केली आहे, असे सांगून त्याने हात पुढे केला. कोरीने पुढे प्रांजळपणे लिहिले आहे की तिचा हात वर उठेना. नुकतेच जे लोकांना सांगितले ते स्वतःला करता येईना. मनात माया तर नव्हतीच, राग आणि थंडपणा होता. तिने मनातल्या मनात प्रार्थना केली की हात तेवढा मी उचलते, बाकीचे तू बघ. आणि हात उचलला.

मला या प्रसंगातला उठत नसलेला हात महत्त्वाचा वाटतो. कर्ज किती आहे हे त्या हाताला पक्के ठाऊक होते. आधी प्रेम दाटून आले आणि मग क्षमा केली, असा क्रम इथे नाही. आधी हात, प्रेम त्याच्या मागून. युद्धानंतर छळछावणीतून आलेल्यांसाठी कोरीने एक घर चालवले. ज्यांना शत्रूला क्षमा करता आली तेच पुन्हा आयुष्य उभे करू शकले, बाकीचे खचत गेले, असा तिचा तिथला अनुभव होता.

आता माझी दुसरी शंका : अपराध्यांचे फावते, त्याचे काय? याचे उत्तर आपल्याच देशातल्या एका बाईने दिले आहे. ग्रॅहॅम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियन मिशनरी १९६५ पासून ओडिशात, मयूरभंज जिल्ह्यातल्या बारीपदा इथे राहत होते, कुष्ठरोग्यांचा आश्रम सांभाळत होते. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री केओंझर जिल्ह्यातल्या मनोहरपूर गावी ते आपल्या जीपगाडीत झोपले असताना जमावाने गाडी पेटवली. बरोबर त्यांची दोन मुले होती. फिलिप दहा वर्षांचा, टिमोथी सहा वर्षांचा. तिघेही जळून गेले. मागे राहिल्या त्या पत्नी ग्लॅडिस आणि तेरा वर्षांची मुलगी एस्थर.

ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे लगेचच सांगितले. मारेकऱ्यांपैकी कोणी तेव्हा माफी मागितलेली नव्हती. त्यांच्या या बोलण्याने देश हलला, आणि काही जण चिडलेही. पण खटला चालला. २००३ साली कनिष्ठ न्यायालयाने मुख्य आरोपी दारा सिंगला फाशी दिली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. या सगळ्यात ग्लॅडिसबाईंची भूमिका स्पष्ट होती : माझी क्षमा वेगळी आणि गुन्ह्याचे परिणाम वेगळे, त्यांची गल्लत करू नये. शिक्षा हे कायद्याचे काम, त्यात त्यांनी हात घातला नाही. त्यांनी स्वतःच्या वहीतली मागणी सोडली. सरकारची वही सरकारपाशी राहिली. पती आणि मुले गेल्यावरही त्या पाच वर्षे बारीपद्यात राहिल्या, कुष्ठरोग्यांचे काम पाहिले, २००४ मध्ये तिथे पतीच्या नावाचे रुग्णालय सुरू झाले आणि मग त्या ऑस्ट्रेलियाला गेल्या. २००५ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

आपल्याला ही कल्पना अगदीच नवी नाही. भागवतात द्रौपदीची गोष्ट आहे. अश्वत्थाम्याने तिची पाचही मुले झोपेत कापून काढली. अर्जुनाने त्याला बांधून तिच्यापुढे आणले, तेव्हा ती म्हणाली की त्याला सोडा, मी रडते तशी त्याची आई रडायला नको. तरीही त्याच्या मस्तकातला मणी काढला गेलाच, आणि त्या जखमेसाठी अभ्यंगाच्या वेळी तेलाचे थेंब जमिनीवर सोडायची पद्धत आपल्या घरांत होती. द्रौपदीने आपले सोडले, राजधर्माने त्याचे घेतले.

मग ख्रिस्ती क्षमेत वेगळे काय? मला वाटते, ती कशावर उभी आहे, हे वेगळे. येशूला खिळे ठोकणाऱ्यांपैकी कोणी पश्चात्ताप केला नव्हता, तरी त्यांना क्षमा व्हावी अशी प्रार्थना त्याने क्रुसावरून केली. पहिले पाऊल ज्याच्यावर अन्याय झाला त्याने टाकायचे, हा तो वस्तुपाठ. आणि त्यामागचे कारण त्याने एका दृष्टांतात आधीच सांगून ठेवले होते. एका राजाला त्याचा चाकर दहा हजार तालांत देणे लागत होता. एक दिनार म्हणजे दिवसाची मजुरी, आणि एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. हिशेब केला तर सहा कोटी दिवसांची मजुरी झाली. वर्षाचे तीनशे दिवस राबले तरी दोन लाख वर्षे. राजाने सगळे माफ केले. बाहेर पडताच त्या चाकराला दुसरा एक चाकर भेटला, तो याला शंभर दिनार देणे लागत होता. याने त्याचा गळा धरला आणि त्याला तुरुंगात टाकले. राजाला कळले, आणि दिलेली माफी मागे घेतली गेली.

सहा लाखास एक, असे हे प्रमाण पडते. पण शंभर दिनार म्हणजे काही किरकोळ रक्कम नव्हती, तीन-साडेतीन महिन्यांची मजुरी होती ती. दृष्टांतात ते देणे खोटे ठरवलेले नाही. गळा धरणारा स्वतः कोणत्या दारातून नुकताच बाहेर आला, एवढीच आठवण दिली आहे. क्षमा करणारा उंच ओट्यावर बसून खाली काही टाकत नाही. तोही रांगेतलाच एक ऋणको आहे. ‘मी मोठ्या मनाने माफ केले’ या वाक्यातला ‘मोठ्या मनाने’ हा भाग इथे गळून पडतो. माझ्यासारख्याला हेच सर्वांत कठीण वाटते. उदार होणे एक वेळ जमेल. आपणही देणेकरी आहोत, हे मान्य करणे जमत नाही.

इथे एक धोक्याची पाटी लावायला हवी. माफी फक्त धनकोच देऊ शकतो. शेजाऱ्याचे कर्ज मी माफ करू शकत नाही. तरी समाजात हेच जास्त चालते. मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला ‘सोडून दे, क्षमा कर, बाईच्या जातीला सोसावेच लागते’ असे सांगणारे सगळे दुसऱ्याच्या वहीवर शिक्के मारत असतात. खुद्द चर्चमध्येही अनेक देशांत मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना पाठीशी घालताना क्षमेचा आडोसा घेतला गेला, आणि त्याची लाज चर्चला बाळगावी लागली. सायमन विझेन्थाल या ज्यू लेखकाने ‘द सनफ्लॉवर’ या पुस्तकात आपला अनुभव सांगितला आहे. छळछावणीत कैदी असताना त्यांना एका मरणासन्न नाझी सैनिकाजवळ नेले. त्याने ज्यूंच्या हत्याकांडातला आपला हात कबूल केला आणि ‘एका ज्यूकडून’ क्षमा मागितली. विझेन्थाल काही न बोलता खोलीबाहेर निघून गेले. जे मेले त्यांच्या वतीने मी क्षमा कशी करू, हा त्यांचा प्रश्न होता. मला तो बिनतोड वाटतो. सेल्मी पॉल यांनीही राणी मारियांचे सोडले नाही. त्यांनी सोडला तो बहिणीचा वाटा. राणी मारियांचा वाटा राणी मारियांचा आणि त्यांच्या देवाचा.

आणि मागून घेतलेली क्षमा ही क्षमा नव्हे. अमेरिकेतल्या चार्ल्स्टन शहरात १७ जून २०१५ रोजी एका वंशद्वेष्ट्या गोऱ्या तरुणाने चर्चमध्ये बायबल वाचत बसलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना गोळ्या घातल्या. दोनच दिवसांनी न्यायालयात काही नातेवाइकांनी त्याला क्षमा केल्याचे सांगितले. काहींना ते जमले नाही, आणि त्यांनी तेही सांगितले. एकाच चर्चमधली, एकाच प्रार्थनेची ही माणसे. त्यांना कमी-अधिक ठरवणारे आपण कोण?

हे सगळे मी इतक्या बारकाईने का पाहत बसलो, ते सांगतो. १९८६ साली माझा धाकटा भाऊ मोटारसायकलवरून घरी येताना ट्रकखाली सापडून गेला. तेवीस वर्षांचा होता. ट्रकचे ब्रेक धड नव्हते आणि मालकाला ते माहीत होते, हे खटल्यात निघाले. ड्रायव्हरला काही महिन्यांची शिक्षा झाली. मालकाला काहीच झाले नाही. ड्रायव्हरचा चेहरा मी विसरलो, मालकाचा विसरलो नाही. तारखेच्या दिवशी ड्रायव्हरची बायको कडेवर मूल घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेली असे. एकदा ते मूल पाण्यासाठी रडू लागले, तेव्हा माझ्या आईने पिशवीतली बाटली काढून त्याला पाणी पाजले. मी संतापलो. आई म्हणाली, “लेकराचं काय येणं आहे आपल्याला?” पुढे वीस वर्षे आई जगली. तिने ड्रायव्हरला क्षमा केली की नाही, मला माहीत नाही. तिने ते नाव कधी काढले नाही. पण जे ऋणको नव्हते त्यांच्याकडून तिने वसुली केली नाही, एवढे मी पाहिले आहे.

माझे तसे झाले नाही. रस्त्यावरचा प्रत्येक ट्रकवाला मला अनेक वर्षे देणेकरी वाटत आला. भाऊ हे मुद्दल होते, ते कोणी परत देऊ शकत नव्हते. राहिले व्याज. ते मी रोज मोजत आलो, आणि ते भरले घरातल्या माणसांनी : माझ्या अबोल्याने, वाहतुकीच्या बातमीवरून जेवणाच्या ताटावर होणाऱ्या चिडचिडीने, मुलाला कॉलेजात असताना दुचाकी न घेऊ देण्याने. मूळ ऋणकोच्या घरी यातला एक पैसाही पोचला नसेल.

राखी बांधायला जाण्याइतके बळ माझ्यात नाही, आणि नसलेले बळ दाखवायची इच्छाही नाही. पण या बायकांच्या हकीकती वाचून एक गोष्ट मला आता निराळी दिसू लागली आहे. सेल्मी पॉल, ग्लॅडिस, कोरी यांपैकी कोणी एका दिवसात सगळी वही कोरी केली असेल असे मला वाटत नाही. हप्त्याने कर्ज फिटते तशी हप्त्याने माफीही देता येत असावी. आधी निरपराधांच्या नावावर पडलेल्या रकमा काढून टाकायच्या, त्या मुळात चुकीच्या खात्यावर पडलेल्या असतात. मग व्याज थांबवायचे. मुद्दलाचा विचार शेवटी. मी सध्या दुसऱ्या पायरीवर घुटमळतो आहे. तो ट्रकमालक आता हयात आहे की नाही, याची मी चौकशी केलेली नाही. असेल तर ऐंशीच्या पुढे असेल, आणि त्याच्याही घरी कोणी ना कोणी त्याला औषधाची आठवण करून देत असेल.